शाल कुणाच्या खांद्यावर, काम कुणाचं?

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘बायका आणि तंत्रज्ञान’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय वाचून तुमच्यापैकी बऱ्याचजणींना प्रश्न पडला असेल. मारहाणीच्या केसेस आहेत, पोटगी आहे, रेशन आहे, रोजगार हमीची थकलेली मजुरी आहे. एवढं सगळं समोर असताना ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे पुरस्कार कुणाला मिळाले आणि कुणाला नाही, याच्याशी आपल्याला काय करायचंय? हा प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते. कोणतं काम ‘काम’ म्हणून मोजायचं आणि कोणतं मोजायचं नाही, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. घरकामाच्या संदर्भात, शेतमजुरीच्या संदर्भात, जनगणनेच्या फॉर्मवरच्या रकान्यांच्या संदर्भात आपण तो मांडत आलो. तोच प्रश्न संगणकाच्या जगात पुरस्कारांच्या यादीत अगदी उघडा पडलेला दिसतो. तिथल्या बायकांनी त्याला काय उत्तर शोधलं, हे आपल्याला उपयोगी पडणारं आहे.

पहिल्यांदा, ओपन सोर्स म्हणजे काय ते बघू. तुम्ही बाजारातून स्वेटर विकत आणता. तो अंगात घालता येतो, पण कसा विणला ते कळत नाही. बाही आखूड झाली तर उसवून वाढवायची सोय नाही. याउलट मैत्रीण तुम्हाला स्वेटरबरोबर विणीचा नमुनाही देते. किती टाके घालायचे, कुठे सुलट, कुठे उलट, कुठे कमी करायचे, सगळं लिहून. आता तुम्ही तसाच दुसरा विणू शकता, मापात बदल करू शकता, चूक सापडली तर दुरुस्त करू शकता आणि सुधारलेला नमुना तिसरीला देऊ शकता. संगणकाच्या प्रोग्रॅमचा असा जो लिहिलेला नमुना असतो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो सगळ्यांसाठी खुला ठेवला की ते ओपन सोर्स किंवा मुक्त सॉफ्टवेअर. दोन्ही नावं वापरणाऱ्यांमध्ये वैचारिक मतभेद आहेत, पण आज आपल्याला त्यात शिरायची गरज नाही.

हे सॉफ्टवेअर आपल्यापासून लांब नाही. तुमच्या पिशवीतल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स आहे, आणि लिनक्स मुक्त आहे. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीतून वापरता येतात ते असंच कुणीतरी बसून एकेक शब्द मराठीत आणला म्हणून. आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना छत्तीसगडमधल्या गनियारीचं जन स्वास्थ्य सहयोगचं रुग्णालय माहीत असेल. रुग्णांच्या नोंदी ठेवणारी ‘बाह्मनी’ ही प्रणाली तिथे घडत गेली. ती ‘ओपनएमआरएस’ या मुक्त प्रणालीवर उभी आहे, आणि ओपनएमआरएसची सुरुवात आफ्रिकेतल्या एचआयव्ही रुग्णांच्या नोंदींपासून झाली. एका ठिकाणचा नमुना दुसरीकडे गेला, तिथल्या गरजेप्रमाणे बदलला गेला. तेव्हा हे श्रीमंत देशांतल्या हौशी पोरांचं खेळणं आहे असं समजून सोडून देण्यासारखा हा विषय नाही.

आता पुरस्कारांकडे येऊ. हे काम करणारे पुष्कळसे लोक सुरुवातीला पगाराशिवाय काम करत होते, आजही अनेकजण करतात. जिथे पैसा नसतो तिथे नाव हीच कमाई असते, हे आपल्या संस्थांमध्येही आपण बघतोच. ज्याचं नाव होतं त्याला पुढे नोकरी मिळते, परिषदांना बोलावणं येतं, निर्णय घेणाऱ्या मंडळावर जागा मिळते. म्हणून या जगात पुरस्काराला शोभेपेक्षा जास्त किंमत आहे.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीची ही आद्य संस्था. १९९८ सालापासून ती दरवर्षी एका व्यक्तीला मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रगतीसाठी पुरस्कार देते. पहिला मान ‘पर्ल’ ही संगणकभाषा तयार करणाऱ्या लॅरी वॉल यांना मिळाला. पुढे ‘पायथन’चे कर्ते गीदो व्हान रॉसम, लिनक्समधलं मोठं नाव अॅलन कॉक्स, ‘रुबी’चे कर्ते युकिहिरो मात्सुमोतो. सगळे कर्तबगार लोक, यात वाद नाही. पण यादी खाली खाली वाचत जा. १९९८ ते २०१६ अशी सलग १९ वर्षं या यादीत एकही बाई नाही. विसाव्या खेपेला, म्हणजे २०१७ सालचा पुरस्कार कॅरन सँडलर यांना मिळाला, आणि लगेच पुढचा २०१८ चा डेबोरा निकल्सन यांना. त्यानंतर पुन्हा पुरुष. २०२४ पर्यंतच्या २७ मानकऱ्यांमध्ये बायका २.

यावर ठरलेलं उत्तर असतं. ‘बायकाच कमी आहेत, तर पुरस्कार कुठून मिळणार?’ बायका कमी आहेत हे खरं आहे. युरोपीय संघाच्या मदतीने झालेल्या एका अभ्यासाचा अहवाल २००६ साली आला. त्यात मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बायकांचं प्रमाण जेमतेम दीड-दोन टक्के निघालं. त्याच काळात कंपन्यांच्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये ते २८ टक्क्यांच्या आसपास होतं. हा फरक नीट लक्षात घ्या. जिथे नोकरीची जाहिरात होती, मुलाखत होती, पगार होता, त्या क्षेत्रात शंभरात २८ बायका पोचल्या. आणि जिथे ‘या, दार सगळ्यांना उघडं आहे’ अशी पाटी होती, तिथे दोन. २०१७ साली ‘गिटहब’ या ओपन सोर्सच्या सर्वात मोठ्या अड्ड्याने पाहणी केली, तेव्हाही उत्तर देणाऱ्यांत ९५ टक्के पुरुष आणि ३ टक्के बायका होत्या.

दार उघडं असलं की पुरतं का? गावची चावडीही सगळ्यांना उघडीच असते. तिथे बसायला मोकळा वेळ लागतो, तो कुणाकडे असतो? रात्री जेवणखाण झाल्यावर पुरुष संगणकापुढे बसतो, बाई भांडी घासून उद्याची भाजी निवडते. फुकटचं काम आवडीने करण्याची चैन ज्याला परवडते, त्याचंच नाव फुकटच्या कामाच्या यादीत वर राहतं. आणि ज्या बायका वेळ काढून तिथे पोचतात त्यांचं काय होतं? २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गिटहबवर कुणीही दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती सुचवू शकतं आणि त्या प्रकल्पाचे लोक ती स्वीकारतात किंवा नाकारतात. या अभ्यासात दिसलं की एकंदरीत बायकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारल्या जातात. पण दुरुस्ती पाठवणारी प्रकल्पाला अनोळखी असेल आणि नावा-फोटोवरून ती बाई आहे हे कळत असेल, तर पुरुषांपेक्षा कमी प्रमाणात. म्हणजे काम चांगलं होतं, ते बाईचं आहे हे कळल्यावर वजन कमी झालं.

पण मला आज त्याहून खोलातली गोष्ट मांडायची आहे. समजा बायकांची संख्या उद्या वाढली. तरी पुरस्कारांची यादी आपोआप बदलणार नाही. कारण तिथे काम म्हणून जे मोजलं जातं ते मुख्यतः एकच आहे, नवा कोड लिहिणं. एखादा प्रोग्रॅम जिवंत राहायला काय काय लागतं बघा. तो कसा वापरायचा याची पुस्तिका लिहावी लागते. तो वेगवेगळ्या भाषांत न्यावा लागतो. साध्या माणसाला तो झेपतो की नाही हे त्याच्याजवळ बसून तपासावं लागतं. लोकांच्या तक्रारी वाचून त्यांची छाननी करावी लागते. नव्या माणसांना हाताला धरून शिकवावं लागतं. परिषदा भरवाव्या लागतात, भांडणं मिटवावी लागतात, पैशाचे हिशेब आणि कायद्याची कागदपत्रं सांभाळावी लागतात. यातलं पुष्कळ काम बायका करत आल्या. पण यादी करताना ‘ती काय, भाषांतर बघायची’, ‘ती संयोजनात होती’ असं म्हणून विषय संपतो. तुमच्या ओळखीचं वाक्य आहे ना हे? ‘ती काय, घरीच असते.’

डेबियन नावाची एक मोठी मुक्त प्रणाली आहे. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी ती सुरू केली आणि आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं नाव आणि स्वतःचं नाव जोडून डेबियन असं नाव ठेवलं. नावाची सुरुवातच बाईच्या नावाने. पण काम करणाऱ्यांच्या यादीत बायका इतक्या थोड्या की २००४ साली ‘डेबियन विमेन’ नावाचा वेगळा गट काढावा लागला. नदीला, देवीला, बोटीला बाईचं नाव देण्याची परंपरा आपल्याकडेही दांडगी आहे.

सांभाळण्याचं काम दिसत नाही, हा फटका फक्त बायकांना बसतो असंही नाही. तो साऱ्या व्यवस्थेला बसतो. २०१४ सालच्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा एक दोष उघडकीला आला. तो ‘ओपनएसएसएल’ या प्रोग्रॅममध्ये होता. बँकांपासून दवाखान्यांपर्यंत जगभरातल्या संगणकांवरची माहिती कुलपात ठेवण्याचं काम हा प्रोग्रॅम करत होता. आणि त्याची देखभाल कोण करत होतं? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, आणि देणग्या मिळत होत्या वर्षाला जेमतेम २,००० डॉलर. अब्जावधींचा धंदा करणाऱ्या कंपन्या त्याच्यावर उभ्या होत्या आणि कुणाला त्याची आठवणही नव्हती. रोज पाणी भरलेलं असतं तोवर पाणी कोण भरतं हे कुणी विचारत नाही. हंडा रिकामा दिसला की मात्र घरभर आरडाओरडा होतो. नव्या गोष्टीला टाळ्या आणि सांभाळण्याला विसर, ही जी आपल्या घरातली रीत, ती संगणकातही जशीच्या तशी गेली आहे.

या पार्श्वभूमीवर २०१७ च्या पुरस्काराकडे बघा. कॅरन सँडलर या व्यवसायाने वकील. त्यांना हृदयाचा एक आजार आहे, ज्यात अचानक मृत्यू येण्याचा धोका असतो. त्यामुळे त्यांच्या छातीत एक यंत्र बसवलं गेलं. हृदयाचे ठोके धोकादायक वाटले तर ते विजेचा झटका देतं. त्यांनी साधा प्रश्न विचारला. ‘माझ्या शरीरात बसवलेल्या या यंत्राचा प्रोग्रॅम मला बघायला मिळेल का?’ यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांनी तो दाखवला नाही. पुढे त्यांना दिवस गेले. गरोदरपणात बऱ्याच बायकांना धडधड होते, त्यात काही विशेष नाही. पण यंत्राला ते कळलं नाही. त्याने धडधड म्हणजे धोका समजून झटके दिले. अशी यंत्रं ज्यांना बसवली जातात त्यांत वयस्क पुरुष जास्त, गरोदर बाई अगदी विरळा. तिचा विचार कुणी केलेलाच नव्हता. आणि प्रोग्रॅम बंद असल्याने तो बदलण्याची सोय ना त्यांच्या हातात होती ना त्यांच्या डॉक्टरांच्या. शेवटी ठोके मंद ठेवणारी औषधं घेत त्यांनी ते दिवस काढले. ही हकीकत त्यांनी स्वतः अनेक भाषणांतून सांगितली आहे.

मैत्रिणींनो, आपण स्त्री-आरोग्याच्या चळवळीत काय म्हणत आलो? माझ्या शरीरात काय घातलं जातंय हे कळण्याचा हक्क मला आहे. गर्भनिरोधक इंजेक्शनांच्या विरोधात आपण हेच बोललो. सँडलर यांनी तीच मागणी संगणकाच्या प्रोग्रॅमबाबत केली. त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाकडे वळल्या, आधी ग्नोम फाउंडेशन आणि मग सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थांच्या कार्यकारी संचालक झाल्या, प्रकल्पांना कायद्याचा आधार दिला, नवीन बायकांना आत आणणारे कार्यक्रम सांभाळले. पुरस्कार मिळाला तो या कामाला. डेबोरा निकल्सन यांनाही मिळाला तो माणसं जोडण्याच्या, गट बांधण्याच्या कामाला. मला यात मोठा अर्थ दिसतो. १९ वर्षांनी यादीत बाई आली ती नवी संगणकभाषा लिहिली म्हणून आली नाही. कायद्याचं काम, संघटनेचं काम हेही काम आहे, हे मान्य झालं तेव्हा ती आली. मोजपट्टी बदलली आणि बाई दिसायला लागली. ती तिथे आधीपासून होतीच.

आता दुसरा मार्ग. सगळ्यांच्या यादीत जागा मिळत नसेल तर बायकांसाठी वेगळा पुरस्कार ठेवावा का? रेड हॅट या कंपनीने २०१५ साली ओपन सोर्समधल्या बायकांसाठी पुरस्कार सुरू केला, एक विद्यार्थिनीसाठी आणि एक इतर कार्यकर्तीसाठी. पहिल्याच वर्षी विद्यार्थिनीचा मान गांधीनगरच्या संस्थेत शिकणाऱ्या केशा शाह हिला मिळाला आणि २०१७ साली जिज्ञासा ग्रोव्हर हिला. दोघीही भारतातल्या. २०१८ साली डॅना लुईस यांना मिळाला. त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांना लहान वयापासून मधुमेह आहे. रात्री झोपेत साखर खाली गेली की अंगावरचं यंत्र गजर करायचं, पण तो इतका हळू की जाग येत नसे. २०१३ साली त्या गजर मोठा करण्याच्या मागे लागल्या. यंत्रातली माहिती बाहेर काढली, आणि जोडीदार व इतर मित्रांच्या मदतीने पुढे इन्सुलिनचा डोस आपोआप कमीजास्त करणारी प्रणाली उभी केली. २०१५ साली तो सगळा नमुना जगासाठी खुला केला. त्यांचं शिक्षण इंजिनिअरिंगचं नव्हतं. गरज होती, आणि गरज नेमकी काय आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

वेगळ्या पुरस्काराबद्दल आपल्यात दोन मतं असणार. ती तिथल्या बायकांतही आहेत. एक म्हणते, हा वेगळा डबा झाला. बायकांचा डबा जोडला की बाकीची गाडी पुरुषांची, असं सगळे धरून चालतात. दुसरी म्हणते, डबा नव्हता तेव्हा आम्हाला गाडीत चढायलाच मिळत नव्हतं. पंचायतीतल्या राखीव जागांवरून आपण हा वाद भरपूर घातला आहे. माझं मत असं की वेगळा पुरस्कार वाट दाखवतो, म्हणून तो हवा. गांधीनगरच्या विद्यार्थिनीचं नाव वाचून दुसऱ्या गावच्या मुलीला आपणही करू शकू असं वाटतं, ही छोटी गोष्ट नाही. पण त्याने मोठ्या यादीची जबाबदारी संपत नाही. मोठ्या यादीत कोणतं काम मोजलं जातं हा प्रश्न लावूनच धरायला हवा.

आणि पुरस्काराच्या आधीचं काय? शाल-श्रीफळ देऊन हाताला काम मिळत नाही. ग्नोम नावाचा एक मोठा मुक्त प्रकल्प आहे. २००६ साली गूगलच्या उन्हाळी कार्यक्रमासाठी ग्नोमकडे १८१ विद्यार्थ्यांचे अर्ज आले. त्यांत मुलींचे किती? शून्य. तिथल्या हॅना वॉलॅक आणि ख्रिस बॉल यांनी ‘मुली येतच नाहीत’ म्हणून हात झटकले नाहीत. मुलींसाठी म्हणून स्वतंत्र जाहिरात काढली, विद्यावेतन ठेवलं. तेव्हा शंभराहून जास्त अर्ज आले आणि सहाजणींना काम मिळालं. मुली होत्याच. त्यांना उद्देशून कुणी बोललं नव्हतं. २०१० साली मरीना झुराखिन्स्काया यांनी हा कार्यक्रम पुन्हा उभा केला, आणि २०१५ पासून तो ‘आउटरीची’ या नावाने चालतो. आता तो बायकांपुरता नाही. तंत्रज्ञानात ज्यांना डावललं गेलं अशा इतर समूहांनाही त्यात जागा आहे. तीन महिने काम, सोबत शिकवणारी अनुभवी व्यक्ती, आणि अलीकडच्या वर्षांत ७,००० डॉलर मानधन. कॉलेजात असण्याची अट नाही. म्हणजे मुलं मोठी झाल्यावर परत उभी राहू पाहणारी बाईसुद्धा अर्ज करू शकते.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन २००५ पासून समाजोपयोगी प्रकल्पांनाही पुरस्कार देतं. हा एकट्या माणसाला न देता साऱ्या गटाला देतात, ही त्यातली मला आवडलेली गोष्ट. २००६ साली तो श्रीलंकेच्या ‘सहाना’ला मिळाला. त्सुनामीनंतर हरवलेल्या माणसांच्या आणि छावण्यांच्या नोंदी ठेवायला तिथल्या लोकांनी ती प्रणाली लिहिली होती. २०१२ चा मिळाला मघाशी सांगितलेल्या ओपनएमआरएसला. आणि २०१३ चा मिळाला ग्नोमच्या या बायकांसाठीच्या कार्यक्रमाला. पुढची कडी बघा. २०१९ साली फाउंडेशनने नवोदितांसाठी पुरस्कार सुरू केला. त्याची पहिली मानकरी ब्राझीलची क्लॅरिसा लिमा बोर्जेस. ती आउटरीचीतून आलेली, आणि तिचं काम काय, तर ग्नोमचे प्रोग्रॅम साध्या माणसाला वापरता येतात का हे तपासणं. आधी मानधन, मग काम, मग सन्मान, असा क्रम लागला की यादी बदलते.

पुरस्कार देणारे कोण, हेही विचारायला हवं. २०१९ साली स्टॉलमन यांना लैंगिक शोषणाच्या एका प्रकरणाबद्दल केलेल्या विधानांवरून फाउंडेशनचं अध्यक्षपद सोडावं लागलं. २०२१ साली ते संचालक मंडळावर परतले, तेव्हा जगभरातून निषेध झाला आणि रेड हॅटने फाउंडेशनला दिला जाणारा निधी थांबवला. ज्या संस्थेने बायकांच्या कार्यक्रमाचा गौरव केला, तिच्याच माजघरात हे चाललं होतं. आपल्याकडे सावित्रीबाईंच्या नावाने पुरस्कार देणाऱ्या संस्थेत लैंगिक छळाची तक्रार समितीच नसावी, तसंच हे. कंपन्यांचंही तेच. बायकांना पुरस्कार देणं स्वस्त असतं, बायकांना वरच्या जागा देणं महाग. पुरस्कार घ्यावा, पण देणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा आपला हक्क त्याबरोबर देऊन टाकू नये.

तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, पुरस्कार हवेतच कशाला? आपल्या चळवळीत पोस्टर कुणी रंगवलं, गाणं कुणी जुळवलं याची नावं आपण लावली नाहीत. सगळं सगळ्यांचं. ओपन सोर्सचीही मूळ भावना तीच आहे आणि मला ती मोलाची वाटते. पण अनुभव काय सांगतो? नाव लावलं नाही की ते काम ‘सगळ्यांचं’ राहत नाही. काही वर्षांनी इतिहास लिहिला जातो आणि त्यात ज्याच्याकडे माईक होता त्याचं नाव येतं. निनावी राहण्याचा मोठेपणा ज्याचं नाव आधीच झालेलं आहे त्याला शोभतो. जिचं नाव कधी लिहिलंच गेलं नाही, तिने आधी ते लिहून घ्यावं.

तर आपण काय करायचं? मी चार साध्या गोष्टी सुचवते.

एक, नाव सुचवा. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसारखी संस्था पुरस्कारांसाठी नावं सुचवा असं जाहीर आवाहन करत आली आहे. सुचवायला संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही. पुरुष एकमेकांची नावं सुचवतात, बायका कुणीतरी आपलं सुचवेल म्हणून थांबतात. ज्या मुलीने मराठी भाषांतर केलं, जिने वस्तीत बायकांना संगणक शिकवला, तिचं नाव तिच्या कामाच्या तपशिलासकट पाठवा.

दोन, आपल्या भागात असा सन्मान कुणी देत असेल तर त्यांना विचारा. निवड समितीत किती बायका आहेत? भाषांतर, शिकवणं, देखभाल, संयोजन यांचा रकाना आहे का? दलित, आदिवासी, मुस्लिम मुली, गावातल्या कॉलेजच्या मुली तुमच्या जाहिरातीपर्यंत पोचल्या का? ‘अर्जच आले नाहीत’ असं उत्तर आलं तर त्यांना १८१ अर्जांची गोष्ट सांगा.

तीन, सन्मानाबरोबर वेळ आणि पैसा मागा. तीन महिन्यांचं मानधन, बरोबर मूल आणता येईल अशी कार्यशाळा, जायच्या-यायच्या भाड्याची सोय. नुसत्या चषकाने बाईचा दिवस २५ तासांचा होत नाही.

चार, सुरुवात घरापासून करा. आपल्या संस्थांतही संगणक सांभाळणारी, पत्रकं जुळवणारी, केसेसच्या नोंदी रोजच्या रोज चढवणारी एक मुलगी असते. ती कधी व्यासपीठावर येत नाही. वार्षिक अहवालात भाषणं करणाऱ्यांची नावं येतात, तिचं येत नाही. या वर्षीच्या अहवालात तिचं नाव आणि तिने नेमकं काय केलं हे चार ओळींत लिहा. आपण घरात आणि बाहेर जी मोजपट्टी बदला म्हणतो, ती आधी आपल्या अहवालाला लावून पाहू.

याच्यावर आता तुमचं ऐकायला मला आवडेल. विशेषतः वेगळ्या पुरस्काराच्या मुद्द्यावर ज्यांना माझं पटलं नाही त्यांनी आधी बोलावं.